साइड देणे: मालट्रकांनी एकमेकांना ओलांडण्यामागचे गणित आणि रीत

महाराष्ट्रातल्या दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर, मग तो कराडहून चिपळूणकडे जाणारा असो किंवा कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा, एक प्रसंग दिवसातून शेकडो वेळा घडतो. पुढे एक दहा चाकी लोड गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललेली असते. तिच्या मागे दुसरी गाडी असते. तिच्यात माल थोडा कमी असतो, इंजिन थोडे नवे असते, आणि ती ताशी ६५ किलोमीटरने सहज जाऊ शकते. दहा-पंधरा मिनिटे पुढच्या गाडीची ताडपत्री पाहत राहिल्यावर मागचा चालक हॉर्न देतो, उजवीकडे डोकावतो आणि गाडी काढायला निघतो. बघणाऱ्याला वाटते की इथून पुढे जे काही होईल ते सर्वस्वी मागच्याच्या हातात आहे. मला मात्र असे सांगायचे आहे की गाडी काढणे हे दोघांचे काम आहे, आणि त्यातला मोठा वाटा पुष्कळदा पुढच्या चालकाचा, त्याच्या उजव्या पायाचा असतो. हे केवळ सौजन्य म्हणून नाही, तर साध्या हिशेबाने पटवून देता येते.

धरून चालू की दोन्ही गाड्या प्रत्येकी १० मीटर लांब आहेत. मागची गाडी आपली लेन सोडते तेव्हा दोघींमध्ये २० मीटर अंतर आहे, आणि पुढे गेल्यावर पुन्हा डावीकडे येताना तिने आपल्या मागे २० मीटर मोकळे सोडायचे आहेत. आधीचे २०, दोन्ही गाड्यांची लांबी मिळून २० आणि नंतरचे २०, असे एकूण ६० मीटर तिला पुढच्या गाडीपेक्षा जास्त जायचे आहे. वेगांतला फरक ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. माणूस भरभर चालतो त्या गतीने एक ट्रक दुसऱ्याच्या बाजूने पुढे सरकत असतो. या गतीने ६० मीटर सरकायला सुमारे ४३ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ताशी ६५ किलोमीटरने धावणारी गाडी रस्त्यावर सुमारे ७८० मीटर पुढे गेलेली असते. समोरून एखादी एसटी ताशी ६० किलोमीटरने येत असेल, तर तीही याच ४३ सेकंदांत ७२० मीटर जवळ आलेली असते. दोन्ही अंतरे मिळवली तर उत्तर येते दीड किलोमीटर. चालक उजवीकडे निघतो त्या क्षणी समोर दीड किलोमीटर रस्ता पूर्ण मोकळा दिसत असेल, तरच हा ओव्हरटेक सुरक्षित म्हणता येईल. आणि घाटाच्या पायथ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर एका नजरेत दीड किलोमीटर दिसण्याचे भाग्य फार क्वचित लाभते.

आता याच हिशेबात एकच गोष्ट बदलून पाहू. मागची गाडी ६५ वरच आहे, पण पुढच्या चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि आपला वेग ६० वरून ५० वर येऊ दिला. फरक ताशी ५ ऐवजी १५ किलोमीटर झाला. वेळ ४३ सेकंदांवरून साधारण साडेचौदा सेकंदांवर आला, मागच्या गाडीला लागणारा रस्ता २६० मीटरांवर आला आणि समोरची एसटी तेवढ्यात फक्त २४० मीटर पुढे सरकली. दीड किलोमीटरचे काम अर्ध्या किलोमीटरमध्ये झाले. वेग खाली यायला काही सेकंद जातात, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा कागदावरच्यापेक्षा थोडा कमी असतो, पण तो पुढच्या चालकाने मागच्याला उजवीकडे निघताना पाहिल्याबरोबर पाय उचलला तर बहुतांशी मिळतोच. उलट मागच्याला हाच फरक स्वतःच्या बळावर निर्माण करायचा असेल, तर त्याला ६५ वरून ७५ वर जावे लागेल. तीन आसांच्या दहा चाकी ट्रकचे मालासकट वजन कायद्याने २८.५ टनांपर्यंत असू शकते. एवढे वजन वरच्या गिअरमध्ये ताशी दहा किलोमीटरने वाढवायला जो वेळ लागतो, तेवढ्यात समोरचे वळण येऊन ठेपते.

आकडे उलट दिशेनेही बोलतात. बाजूने गाडी येताना दिसली की काही चालक नकळत, आणि काही जाणूनबुजून, थोडा वेग वाढवतात. समजा पुढच्याने ६० चे फक्त ६३ केले. फरक २ किलोमीटर उरला, वेळ १०८ सेकंद झाला आणि मागच्या गाडीला चुकीच्या बाजूने जवळजवळ दोन किलोमीटर धावावे लागले. ताशी तीन किलोमीटरची ही वाढ पुढच्याच्या केबिनमध्ये जाणवतसुद्धा नाही. शेजारच्याला मात्र ती समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडाशी नेऊन ठेवते.

कायद्याने ही गोष्ट स्पष्ट केलेली आहे. मोटार वाहने (वाहनचालन) विनियम, २०१७ हे वाहन चालवण्याचे नियम सध्या देशभर लागू आहेत. ज्याला ओलांडले जात आहे त्याने वेग वाढवू नये आणि ओलांडणाऱ्याच्या वाटेत अडथळा येईल असे काही करू नये, ही अट त्यांत आहे, आणि आधीच्या १९८९ च्या नियमांतही ती होती. ओलांडायचे ते उजव्या बाजूने, आणि पुढचा उजवीकडे वळत असेल तर डाव्या बाजूने. वळणावर, चढाच्या माथ्याजवळ, अरुंद पुलावर किंवा जिथे पुढचे नीट दिसत नाही अशा जागी ओलांडायचे नाही. आपल्या बाजूला सलग रेष असेल तर ती ओलांडायची नाही, तुटक असेल तर मोकळा रस्ता पाहून ओलांडता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात गणले जाते. या नियमांपैकी मागच्या चालकाला लागू होणारे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. पुढच्याने वेग वाढवू नये हा नियम मात्र परवाना घेताना ऐकल्याचेही अनेकांना आठवत नाही.

इथे रस्ते बांधणाऱ्यांचा एक हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. रस्त्यांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. ओलांडण्यासाठी समोर किती मीटर रस्ता दिसला पाहिजे, याचे तक्ते तिने दिलेले आहेत: ताशी ६५ किलोमीटरच्या रस्त्याला ३४० मीटर, ताशी ८० किलोमीटरच्या रस्त्याला ४७० मीटर. मात्र पुढचे वाहन ओलांडणाऱ्यापेक्षा ताशी १६ किलोमीटरने हळू आहे, असे त्या हिशेबात गृहीत धरलेले आहे. मोटारीने ट्रकला ओलांडताना हे गृहीतक बरोबर बसते. ट्रकने ट्रकला ओलांडताना मात्र ते आपोआप खरे ठरत नाही. पुढच्या चालकाने पाय उचलला तरच खरे ठरते. म्हणजे ज्या रस्त्यावर ओलांडायला परवानगी आहे, तिथेही दोन ट्रकांसाठी तो रस्ता अपुरा पडू शकतो, आणि उरलेली जागा पुढच्या चालकाने द्यायची असते.

मग पुढचा चालक पाय का उचलत नाही? त्याला उर्मट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. लोड गाडीचा वेग हा चालकाने डिझेल जाळून आणि गिअर बदलून मिळवलेला ठेवा असतो. ६० चे ५० झाले की काही वेळा एक गिअर खाली यावे लागते, आणि पुन्हा ६० गाठायला सपाट रस्त्यावरही बराच वेळ जातो. समोर चढ असेल तर गमावलेला वेग परत मिळतच नाही. ६० ने चढाला लागणारी गाडी आणि ५० ने लागणारी गाडी यांच्यात माथ्यापर्यंत एक-दोन गिअरांचा फरक पडतो. त्यात कित्येक चालकांना फेरीनुसार पैसे मिळतात आणि डिझेलचा हिशेब मालकाला द्यावा लागतो. साइड देणे त्याला फुकट पडत नाही, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

म्हणूनच साइड मागण्यालाही जागा असते. चढाच्या तोंडाशी पुढच्या लोड गाडीकडे साइड मागणे म्हणजे त्याने साठवलेला वेग मागणे होय. त्याहून वाईट म्हणजे चढाआधी घाईने पुढे जायचे आणि चढावर आपणच मंदावून त्याच्यासमोर अडून बसायचे. लोड गाडीच्या चालकाला याइतकी चीड दुसऱ्या कशाने येत नाही, आणि ती रास्त आहे. चढ संपला, माथा मागे पडला आणि पुढे सरळ, सपाट पट्टा आला, की मागणाऱ्याचे काम लवकर होते आणि देणाऱ्याचे नुकसान सर्वांत कमी होते. जुने चालक मागे कोण आहे हे आरशात बरेच आधी हेरून ठेवतात आणि असा पट्टा आला की न मागता डावीकडे सरकून पाय उचलतात. मागच्याला लोंबकळत ठेवण्यापेक्षा एकदाचा पुढे जाऊ दिलेला बरा, हा त्यामागचा व्यवहारही आहे, कारण पाठीशी चिकटलेली गाडी हा स्वतःच एक धोका असतो.

आता खुणांकडे येऊ. साइड मागण्याची आणि देण्याची आपल्याकडची भाषा हॉर्न, डिपर (हेडलाइटची क्षणभर उघडझाप), इंडिकेटर आणि हात यांची आहे, आणि तिच्यात एक मोठी अडचण आहे. पुढच्या गाडीने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ काय? काही चालक तो ‘रस्ता मोकळा आहे, उजवीकडून निघ’ अशा अर्थाने देतात. काही जण तोच ‘थांब, समोरून गाडी येते आहे’ म्हणून देतात. आणि नियमाप्रमाणे त्याचा अर्थ ‘मी स्वतः उजवीकडे वळतो आहे’ असा होतो. एकाच दिव्याचे तीन अर्थ, त्यांपैकी दोन एकमेकांच्या अगदी विरुद्ध, आणि तिसऱ्यात गाडी थेट अंगावर येण्याची शक्यता. डाव्या इंडिकेटरचे तसे नाही. ‘मी डावीकडे सरकतो आहे, तुझी वाट मोकळी करतो आहे’ हा त्याचा अर्थ नियमातल्या अर्थाशी बराच जुळतो. माझे मत असे की साइड देणाऱ्याने डावा इंडिकेटर द्यावा, गाडी प्रत्यक्ष डावीकडे घ्यावी आणि वेग कमी करावा; या तिन्ही गोष्टी एकदम दिसल्या की गैरसमजाला वाव उरत नाही. मागच्याने उजव्या इंडिकेटरवर भरवसा ठेवून कधीही निघू नये.

हॉर्नच्या बाबतीत, ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याला महाराष्ट्राने २०१५ साली बंदी घातली, कारण ती ओळ विनाकारण हॉर्न वाजवायला आमंत्रण देते, असे परिवहन खात्याचे म्हणणे होते. ते योग्यच होते. पण ‘मी निघतो आहे’ हे पुढच्याला कळवण्याची गरज त्यामुळे संपत नाही. दिवसा एक छोटा हॉर्न आणि रात्री एकदा डिपर एवढे पुरते. समोरून येणाऱ्याने डिपर मारला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतो आहे, तू निघू नकोस’ असाच घ्यायचा असतो. इंग्लंडमध्ये लोक पुष्कळदा हीच खूण ‘तुम्ही आधी या’ अशा अर्थाने वापरतात. तिकडून सुट्टीवर येऊन गावी गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाने हा फरक रस्त्यावर उतरण्याआधी मनाशी पक्का केला पाहिजे.

पुढच्याने दिलेल्या खुणेचे मोलही नेमके ओळखले पाहिजे. त्याला समोरचा रस्ता मागच्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून त्याची ‘ये’ ही खूण उपयोगी माहिती असते. पण मागच्या गाडीत किती माल आहे, तिचा पिकअप कसा आहे, तिला किती सेकंद लागतील, हे त्याला माहीत नसते. त्यामुळे त्याची ‘नको’ ही खूण बंधनकारक मानावी, आणि ‘ये’ ही खूण मिळाल्यावरही स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता पाहूनच निघावे.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे तर आधी मागे राहावे लागते, आणि हे नव्या चालकांना उलटे वाटते. गाडी काढायची म्हणून ते पुढच्याच्या अगदी पाठीशी जातात. पण ट्रकची मागची बाजू ही सुमारे अडीच मीटर रुंदीची भिंत असते. तिच्यापासून ८ मीटरवर असताना ती समोरचा जवळजवळ सगळा रस्ता झाकते, आणि ३०-४० मीटरवर असताना तीच भिंत नजरेत लहान होऊन दोन्ही बाजूंनी रस्ता दिसू लागतो. शिवाय जवळ असताना पुढच्या चालकाच्या आरशात आपण दिसतच नाही. एक सोपी कसोटी अशी की त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. आणि पुढच्याला अचानक ब्रेक लावावा लागला तर? ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे दोन सेकंद आणि नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला लागणारे अंतर मिळून ६०-७० मीटर सहज होतात. पावसात याहून जास्त.

सर्वांत अवघड क्षण येतो तो गाडी अर्धी पुढे गेली असताना समोरून कोणी दिसले तर. अशा वेळी घाबरून दोघांनीही ब्रेक लावला, तर दोन्ही गाड्या शेजारी शेजारीच राहतात आणि सुटकेची वाट दोघे मिळून बंद करतात. म्हणून कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले हवे. ओलांडणारी गाडी अजून पुढच्याच्या केबिनच्या मागे असेल, तर तिने ब्रेक लावून मागे यायचे आणि पुढच्याने आपला वेग तसाच ठेवायचा, म्हणजे ती लवकर मागे पडेल. ती केबिनच्या पुढे गेली असेल, तर पुढच्याने ब्रेक लावायचा आणि तिला आत यायला जागा करून द्यायची. समोरून येणाऱ्यानेही वेग कमी करून शक्य तितके साइडपट्टीकडे सरकायचे. त्याची चूक नसली तरी त्याच्या वेगाचा वाटा हिशेबात अर्ध्याच्या जवळपास आहे, हे आपण वर पाहिलेच.

या सगळ्यात एक तिसरा माणूस विसरला जातो: रांगेत ओलांडणाऱ्याच्या मागे असलेला चालक. पुढची गाडी उजवीकडे निघाली की तिने सोडलेली जागा तो लगेच भरून काढतो, कधी आपणही तिच्या पाठोपाठ निघण्यासाठी, कधी नुसत्या सवयीने. मग पहिल्याला परत यायची वेळ आली तर मागे जागाच उरत नाही. निघालेली गाडी पूर्ण पुढे जाऊन डावीकडे येईपर्यंत तिची मागची जागा रिकामी ठेवणे, हे तिसऱ्याचे कर्तव्य आहे, आणि पाठोपाठ निघणे तर निव्वळ आंधळेपणा आहे, कारण त्याला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ.

पुढे गेल्यावर आत येण्यातही सभ्यता लागते. मागच्या गाडीची दोन्ही चाके, किंवा रात्री दोन्ही हेडलाइट, डाव्या आरशात पूर्ण दिसू लागले की मग इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे यायचे. अर्ध्यातूनच आत घुसण्याला चालक ‘कट मारणे’ म्हणतात. कट मारणारा मागच्याला ब्रेक लावायला भाग पाडतो, म्हणजे ज्याने साइड दिली त्याच्याच थांबण्याची जागा हिरावून घेतो. ट्रेलरच्या बाबतीत हे अधिक जपावे लागते. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून (पूर्वीचे जेएनपीटी) निघणाऱ्या ४० फुटी कंटेनरच्या ट्रेलरची लांबी १० मीटरांच्या हिशेबात बसत नाही, आणि त्याचा मागचा भाग पुढच्या भागानंतर काही वेळाने आत येतो. साइड देणाऱ्याने गाडी पूर्ण निघून गेल्यावर एकदा डिपर देऊन ‘ये आत’ असे कळवले, तर ट्रेलरवाल्याला फार मदत होते. त्यावर त्याने एक हात वर केला की व्यवहार पुरा झाला.

घाटात हा सगळा विचार बदलतो. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाटासारख्या ठिकाणी लोड गाड्या चढावर इतक्या मंद असतात की एकीने दुसरीला ओलांडायचे म्हटले तर दोघी मिळून सगळा रस्ता कितीतरी वेळ अडवून धरतात. तिथे सौजन्य असते ते समोरासमोर येणाऱ्यांचे. दुपदरी रस्त्याचा डांबरी भाग साधारण ७ मीटरांचा असतो. अडीच-अडीच मीटरांच्या दोन गाड्या, त्यांचे बाहेर आलेले आरसे आणि एका बाजूला दरीचा कठडा किंवा डोंगराचा कडा, एवढ्यात सरळ रस्त्यावर जेमतेम भागते, पण अवघड वळणावर भागत नाही, कारण लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने कापत जातात आणि चालकाला पुढचा भाग मुद्दाम बाहेरच्या बाजूला न्यावा लागतो. म्हणून नियम असा आहे की रस्ता दोघांना पुरेसा रुंद नसेल तिथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. चढावर थांबलेली लोड गाडी पुन्हा हलवताना क्लच जळतो, चाके घसरतात आणि गाडी मागे येण्याची भीती असते. उतरणाऱ्याला थांबणे आणि निघणे त्या मानाने सोपे असते. जाणता चालक वळणात शिरून मग थांबत नाही, वळणाच्या वरच्या बाजूला, जिथे रस्ता रुंद आहे, तिथेच आधी थांबतो.

उतारावर आणखी एक गोष्ट. जो चालक खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी धरून सावकाश उतरतो आहे, त्याला मागून हॉर्न देऊन घाई करू नये. तो मुद्दाम हळू आहे. सतत ब्रेक दाबत उतरले की ब्रेकचे ड्रम तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. त्याहून घातक म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडणे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने या सवयीची फार मोठी किंमत वसूल केलेली आहे. हळू उतरणाऱ्याला मागून दाबणारा चालक त्याला नकळत त्याच वाटेला लावतो.

रात्री, त्यातही पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या गाळप हंगामात, ओलांडण्याची आणखी एक कसोटी लागते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हा एका ट्रकपेक्षा लांब असू शकतो, आणि मागून मात्र एकच ट्रॉली दिसते. मोळ्यांची टोके दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, मागे दिवा नसतो किंवा उसाने झाकलेला असतो, रेडियमची पट्टी चिखलाने माखलेली असते, आणि ट्रॅक्टरच्या आवाजात चालकाला हॉर्न ऐकू जाईलच असे नाही. अशा वेळी ट्रॅक्टरवाल्याकडून कसल्याही खुणेची अपेक्षा न ठेवता, दुसरी ट्रॉली आहे असे धरूनच रस्ता मोजावा, आणि समोरून येणाऱ्याला दिपवू नये म्हणून अप्पर लाइट खाली घ्यावा. डोळे दिपल्यावर पूर्ववत व्हायला पाच सेकंद लागले असे धरले, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने चालकाने ८० मीटरांहून जास्त रस्ता काहीही नीट न दिसता पार केलेला असतो. ट्रॉलीवाल्या शेतकऱ्याने कारखान्याकडे निघण्यापूर्वी मागची पट्टी फडक्याने पुसली, तर तो मागच्या सगळ्यांना साइड देण्याइतकीच मदत करतो.

चौपदरी महामार्गावर समोरून येणाऱ्याचा धोका नसतो, म्हणून तिथे वेळेची फिकीर कोणी करत नाही. मालवाहू गाड्यांची वेगमर्यादा अशा रस्त्यांवर ताशी ८० किलोमीटर आहे आणि नव्या गाड्यांना त्याच आकड्यावर वेगनियंत्रक बसवलेला असतो. परिणामी ७८ ने जाणाऱ्या गाडीला ८० ने जाणारी गाडी ओलांडायला निघते, तिला ६० मीटर सरकायला १०८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात जवळजवळ अडीच किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही लेन अडतात. मागे मोटारींची रांग लागते, त्यांतला एखादा अधीर चालक डावीकडून साइडपट्टीवरून घुसतो, आणि ट्रकच्या डाव्या बाजूला, जिथे चालकाला सर्वांत कमी दिसते, तिथे अपघात होतो. यावर उपाय तोच: ७८ वाल्याने वीस-पंचवीस सेकंदांसाठी ७० वर यावे. फरक २ चा १० होतो आणि काम २२ सेकंदांत संपते. ओलांडणाऱ्यानेही फरक इतका थोडा असेल तर निघण्यापूर्वी स्वतःला विचारावे की दोन किलोमीटरच्या वेगासाठी हे करण्याची गरज आहे का. शंभर किलोमीटरच्या प्रवासात त्याचे जेमतेम दोन मिनिटे वाचणार असतात.

आता केबिनच बदलते आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकाच्या आरोग्यासाठी आणि थकव्यासाठी ही फार चांगली गोष्ट आहे. उन्हाळ्यात विदर्भातून इंजिनाच्या उष्णतेत गाडी नेणाऱ्याला तिचे मोल सांगायला नको. पण काच बंद असली की बाहेरचा हॉर्न अस्पष्ट होतो आणि खिडकीतून हात काढून ‘ये’ किंवा ‘थांब’ सांगण्याची जुनी खूण नाहीशी होते. त्यात अनेक गाड्यांवर आता क्लीनर नसतो. डाव्या खिडकीतून डोके काढून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा तो मुलगा म्हणजे चालकाचा डावा डोळा होता. त्याच्या जागी आता दोन आरसे आणि मागचे दिवे एवढेच उरले आहेत. ढाब्यावर चहासाठी गाडी थांबली की चाकांवर लाकडी दांडा आपटून हवा बघण्याची सवय चालकांना आहे. त्याच फेरीत डाव्या आरशावरची धूळ आणि मागच्या इंडिकेटरच्या काचेवरचा चिखल पुसून घ्यावा, कारण मागे असलेल्या चालकाला द्यायचे उत्तर आता त्या काचेतूनच जाणार आहे.